कर तेरा टक्के उतरला, किंमत अकराच का? टक्क्यांचा तोंडी हिशेब

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, साबणाची वडी अशा रोजच्या वस्तू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. पेठेतल्या किराणा दुकानांत मग एक नवीच हुज्जत सुरू झाली. गिऱ्हाईक म्हणायचं, "तेरा टक्के कमी झाले ना? मग ११८ च्या पेस्टमागे पंधरा रुपये सोडा." दुकानदार म्हणायचा, "तेरा रुपये कमी होतील, पंधरा नाही." दोघांच्याही तोंडी आकडा तेराच. एकाचे तेरा टक्के, दुसऱ्याचे तेरा रुपये.

यात दुकानदाराचं बरोबर होतं. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी टक्के तोंडी काढायच्या चार-पाच युक्त्या पाहू. त्या इतक्या सोप्या आहेत की शाळेत त्या वेगळ्या का शिकवत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं. खरी अडचण आकडेमोडीत नसतेच. टक्के नेमके कशाचे, इथे गाडी अडते.

दहा टक्के आणि एक टक्का

टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. ज्या रकमेचे टक्के काढायचे तिला आपण या लेखापुरतं 'पाया' म्हणू. परिभाषा एवढीच.

कुठल्याही रकमेचे दहा टक्के हवे असतील तर शेवटचा एक अंक दशांश चिन्हापलीकडे ढकलायचा. २,३४० चे दहा टक्के २३४. ८६५ चे ८६.५०. एक टक्का हवा असेल तर दोन अंक ढकलायचे: २३.४० आणि ८.६५. दहा टक्क्यांचे निम्मे पाच टक्के, एक टक्क्याची दुप्पट दोन टक्के. सोन्यावरचा जीएसटी ३ टक्के आहे, म्हणजे एक टक्का काढायचा आणि तिप्पट करायची.

रकमा मोठ्या असल्या की माणसं बिचकतात. तिथे हे डोक्यात ठेवावं: लाखाचा एक टक्का हजार, कोटीचा एक टक्का लाख. कोथरूडला किंवा वाकडला ८० लाखांचा फ्लॅट घेताय असं समजा. एक टक्का झाला ८० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ५ टक्के, शिवाय घराच्याच किमतीवर मेट्रोचा १ टक्का आणि स्थानिक संस्थेचा १ टक्का, असे सात. सात गुणिले ८० हजार, ५ लाख ६० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे सरळ ८० हजार वाचले. नोंदणी फीसुद्धा एक टक्काच आहे, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे तिथे ८० हजार नाही, ३० हजारच लागतील. हा सगळा हिशेब बिल्डरच्या ऑफिसात चहा येईपर्यंत मनातल्या मनात होतो.

टक्क्यांचे सुटे करा

खिशात ३७ रुपयांची नोट नसते. आपण तीन दहाच्या, एक पाचाचं नाणं आणि दोन एकेकाची नाणी काढतो. टक्क्यांचंही तसंच करायचं. ३७ टक्के म्हणजे तीन वेळा दहा, एकदा पाच, दोन वेळा एक. २,३४० चे ३७ टक्के काढायचे तर ७०२, मग ११७, मग ४६.८०. बेरीज ८६५.८०.

३७ टक्के रोज कोण विचारतो म्हणा. रोज भेटतात ते १८ टक्के, आणि १८ साठी सुटे मोजण्यापेक्षा वीस देऊन दोन परत घेणं सोपं. २,३४० चे दहा टक्के २३४, त्याची दुप्पट ४६८. आता ४६८ चाच दहावा भाग, ४६.८०, त्यातून वजा करा. उरले ४२१.२०. झाला १८ टक्के जीएसटी. 'दुप्पट करा, दहावा भाग काढून टाका' एवढंच लक्षात ठेवलं तरी मोबाइलचं बिल, गाडीचं सर्व्हिसिंग, कोचिंग क्लासची फी, सगळीकडे चालतं. ९ टक्क्यांना दहातून एक वजा, ९५ ला शंभरातून पाच.

हॉटेलच्या बिलावर ५ टक्के लागतात, अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. डेक्कनला चौघांनी जेवून १,२६० झाले तर दहा टक्के १२६, निम्मे ६३. बिलात खाली ३१.५० च्या दोन ओळी दिसल्या की समजायचं, बरोबर आहे.

एक छोटी पण कामाची गोष्ट. कागदावर आपण बेरीज एककापासून करतो. मनात करताना उलट, मोठ्या भागापासून सुरुवात करावी. ७०२ आधी, ११७ नंतर, ४६ शेवटी. मधेच कुणी हाक मारली आणि शेवटचा भाग विसरला तरी मोठी रक्कम हातात राहते. एककापासून निघालात तर हातात फक्त चिल्लर राहते.

पावकी, निमकी यायची त्यांना हे सांगावं लागत नसे

आपल्याकडे जुन्या शाळांत एकं दहंच्या पाढ्यांपुढे अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजच्या भाषेत हे २५, ५०, ७५, १२५, १५०, २५० आणि ३५० टक्क्यांचे पाढे. सुट्टीत आजोबांनी कधी दिडकी म्हणून दाखवली असेल तर ती गंमत म्हणून सोडून देऊ नका.

७५ टक्के दिसले की मनात लगेच 'पाऊण' म्हणायचं. ६४० चे ७५ टक्के म्हणजे ६४० चा पाव १६०, तो वजा केला, ४८०. पगार २५ टक्क्यांनी वाढला म्हणजे सव्वापट झाला: ४८ हजारांचे ६० हजार. साडेबारा टक्के हा आठवा भाग, म्हणजे तीनदा निम्मं करायचं. ७२० चे साडेबारा टक्के: ३६०, १८०, ९०. वीस टक्के पाचवा भाग, ३३ आणि वर थोडे हा तिसरा.

१९५७ साली दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते आणि लोक टक्क्यांऐवजी आण्यांत बोलत. चार आणे म्हणजे २५ टक्के, बारा आणे म्हणजे ७५. पिकाचा अंदाज आजही महसूल खातं पैसेवारीत देतं, गावात तिला अजून आणेवारी म्हणतात, आणि ती ५० पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. ती टक्केवारीच आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के, हा आकडा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पाया आणि टक्के यांची अदलाबदल

५० चे १८ टक्के किती? अवघड वाटत असेल तर उलटं विचारा: १८ चे ५० टक्के किती? नऊ. उत्तर तेच.

यात जादू नाही. दोन्हीकडे तेच दोन आकडे गुणले जातात आणि शंभराने भागले जातात, कोण आधी आणि कोण नंतर याने फरक पडत नाही. २५ चे १६ टक्के म्हणजे १६ चा पाव, चार. ७५ चे १२ टक्के म्हणजे १२ चा पाऊण, नऊ. २५० रुपयांवर १८ टक्के म्हणजे १८ ची अडीचपट, ४५. ही युक्ती दरवेळी कामाची नाही. २,३४० चे १८ टक्के उलटून काही हाती लागत नाही. पण दोहोंपैकी एक आकडा २५, ५०, ७५ च्या घरातला असला की आधी उलटून पाहावं.

निकालाच्या दिवशी: किती पैकी किती?

आता उलटा प्रवास. रक्कम माहीत आहे, टक्के काढायचे आहेत. दहावीचा निकाल लागला की घरोघरी हाच प्रश्न असतो. राज्य मंडळाच्या दहावीत सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० पैकी गुण धरतात. ५०० चे १०० करायला पाचाने भागायचं, आणि पाचाने भागण्यापेक्षा दुप्पट करून एक अंक ढकलणं सोपं. ४३७ गुण? दुप्पट ८७४. टक्के ८७.४. शेजारच्या काकूंनी फोनवर गुण सांगितले की वाक्य संपायच्या आत तुम्हाला टक्के कळलेले असतात. मग अभिनंदन कितपत उत्साहाने करायचं तेही ठरवता येतं.

पंचवीसपैकी असेल तर चौपट, विसांपैकी असेल तर पाचपट. पायाचे शंभर होत नसतील, तर त्याचे दहा टक्के आणि एक टक्का काढून मोजत जायचं. ६५ पैकी ४७ घ्या. ६५ चे दहा टक्के साडेसहा. सात वेळा घेतले की ४५.५, म्हणजे ७० टक्के झाले. उरले दीड. एक टक्का आहे ०.६५, दिडात तो साधारण सव्वादोन-अडीच वेळा बसतो. उत्तर ७२ आणि वर थोडं. इतकं पुरतं.

पन्नास अधिक वीस

लक्ष्मी रस्त्यावर सणाच्या आधी पाट्या लागतात: '५०% + २०% सूट'. एका दुकानात कॉलेजातली एक मुलगी २,४९९ चा कुर्ता हातात धरून उभी होती.

"दादा, पन्नास आणि वीस म्हणजे सत्तर ना?"

"नाही ताई. आधी पन्नास, मग जे उरेल त्यावर वीस."

"म्हणजे साठ. मग पाटीवर साठच लिहा की."

"साठ लिहिलं असतं तर तुम्ही आत आला असता का?"

दादा कमी बोलले, पण सगळं बोलले. २,५०० धरा. पन्नास टक्के गेले, १,२५० उरले. आता पाया बदलला. वीस टक्के १,२५० चे, म्हणजे २५०. द्यायचे १,०००. एकूण सूट १,५००, म्हणजे साठ टक्के. सत्तर टक्के असती तर ७५० द्यावे लागले असते.

दोन सवलतींची एकत्र सूट काढायची झटपट रीत अशी: दोन्ही आकड्यांची बेरीज करा, दोन्हींचा गुणाकार शंभराने भागा आणि तो बेरजेतून वजा करा. ५० अधिक २० सत्तर, गुणाकार एक हजार, त्याचे शंभराने दहा, सत्तरातून दहा गेले साठ. ३० अधिक २० असेल तर पन्नासातून सहा गेले, ४४. आधी वीस मग तीस असं उलट केलं तरी ४४ च. क्रमाने फरक पडत नाही, त्यामुळे 'आधी मोठी सूट लावा हो' असा हट्ट धरून उपयोग नाही.

फुकटच्या पाट्याही टक्क्यांत आणाव्यात. 'तीनवर दोन मोफत' म्हणजे पाच नग तिनाच्या भावात, म्हणजे चाळीस टक्के सूट. 'दोनवर एक मोफत' म्हणजे तिसरा हिस्सा, ३३ टक्के. समोरच्या दुकानात एकाच नगावर सरळ ४० टक्के असेल तर तिथे जावं. नाहीतर गरज नसताना तीन शर्ट घरी येतात.

चढले तेवढे उतरले, तरी जागेवर का नाही आले?

मार्केट यार्डातून टोमॅटो ४० रुपये किलोने येत होता, तो ५० टक्क्यांनी वाढला. झाला ६०. पुढच्या आठवड्यात ५० टक्क्यांनी उतरला. किती झाला? चाळीस म्हणाल तर फसलात. ६० चे निम्मे, ३०. वाढताना पाया ४० होता, उतरताना ६०. परत ४० वर यायला ६० मधून २० कमी व्हायला हवेत, म्हणजे तिसरा हिस्सा, ३३ टक्के.

याची एक देखणी रीत आहे. वाढ अपूर्णांकात मांडा. निम्म्याने वाढलं तर तिसऱ्या हिश्श्याने उतरल्यावर जागेवर येतं. पावाने वाढलं तर पाचव्या हिश्श्याने. पाचव्याने वाढलं तर सहाव्याने. दुप्पट झालं तर निम्म्याने. खालचा आकडा फक्त एकाने पुढे सरकतो.

शेअर बाजारात पैसे असणाऱ्यांनी हे उलट दिशेने वाचावं. वीस टक्के पडलं तर भरून निघायला पंचवीस टक्के वाढ लागते. निम्मं पडलं तर शंभर टक्के.

आता ती टूथपेस्ट

छापील किमतीत कर धरलेला असतो. ११८ रुपयांच्या पेस्टमध्ये मूळ माल १०० रुपयांचा आणि १८ रुपये कर होता. आता कर ५ रुपये, किंमत १०५. कमी झाले १३ रुपये. पण गिऱ्हाईक जी किंमत देत होतं ती ११८ होती, म्हणून घट ११८ वर मोजायची. ११८ चे दहा टक्के ११.८०, एक टक्का १.१८, बेरीज १२.९८. तेराच्या अगदी जवळ. म्हणून किंमत उतरली अकरा टक्क्यांनी. कराचे टक्के मालाच्या मूळ किमतीवर मोजलेले, घटीचे टक्के छापील किमतीवर मोजलेले. पाया दोन, म्हणून आकडेही दोन.

तूप, लोणी, पाकीटबंद फरसाण हे १२ वरून ५ वर आलं. इथे ११२ चे १०५ झाले. सात रुपये कमी, ११२ वर. ११२ म्हणजे सात सोळे. घट बरोबर सोळावा हिस्सा, म्हणजे रुपयामागे एक आणा! मघाचे सव्वासहा टक्के ते हेच. तुपाच्या ६४० रुपयांच्या डब्यामागे चाळीस रुपये कमी व्हायला हवेत. भागाकारसुद्धा करायला नको, चारदा निम्मं करा: ३२०, १६०, ८०, ४०.

पुणं दुचाक्यांचं शहर, तेव्हा त्यांचंही पाहू. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ वर आला. लाखाची गाडी दहा हजारांनी स्वस्त होणार असं अनेकांनी धरलं होतं. १२८ चे ११८ झाले, दहा कमी. १२८ चा एक टक्का १.२८, आठ टक्के १०.२४. दहा त्याच्या किंचित आत आहे, म्हणून घट ७.८ टक्के. करासकट लाख रुपये शोरूम किंमत असलेली गाडी साधारण ७,८०० रुपयांनी उतरली. शोरूमवाल्याने दोन हजार खाल्ले असं म्हणून भांडण्याआधी हे पाहून घ्यावं.

'करासहित' लिहिलेल्या किमतीतून कर वेगळा काढायलाही हीच रीत चालते. ५ टक्के म्हणजे विसावा हिस्सा वाढ. खालचा आकडा एकाने पुढे सरकवा, एकविसावा हिस्सा. करासकट ४२० रुपयांची थाळी असेल तर कर वीस रुपये. १८ टक्क्यांच्या वस्तूत कराचा वाटा एकूण किमतीच्या साधारण सव्वापंधरा टक्के असतो: ५९० च्या वस्तूत ९० रुपये.

"मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की"

आहे, आणि बिल देताना तोच वापरावा. पण कॅल्क्युलेटर गुणाकार करतो, पाया निवडत नाही. करासकट १,१८० रुपयांच्या वस्तूची मूळ किंमत काढायला कुणी १,१८० मधून १८ टक्के वजा केले तर तो निमूटपणे ९६७.६० दाखवतो. खरी मूळ किंमत १,००० आहे. मशीनने चूक केली नाही, मागितलं ते दिलं.

दुसरा आक्षेप असतो तो अंदाजाचा: रक्कम गोल केली तर उत्तर चुकत नाही का? चुकतं, पण थोडं. १,८४७ चे १८ टक्के काढताना १,८५० धरा. दुप्पट करून अंक ढकलला की ३७०, त्यातून ३७ गेले, ३३३. खरं उत्तर ३३२.४६. पन्नास-पंचावन्न पैशांचा फरक. गोल करायचं ते रकमेला, टक्क्यांना नाही. १८ चे २० केले असते तर सदतीस रुपयांची चूक झाली असती.

आणि 'माझं गणित कच्चं आहे' म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. मंडईत पावशेर मिरची, अर्धा किलो भेंडी आणि तीन जुड्यांचा हिशेब भाजीवाल्या मावशींच्या आधी तुमचा होतो की नाही?

अर्धा टक्का की आठ टक्के?

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. रेपो दर म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज मिळतं तो दर. बातमी आली, 'अर्धा टक्का कपात'. ते बरोबरच आहे. पण सहामधून अर्धा गेला म्हणजे बारावा हिस्सा गेला, म्हणजे दर स्वतः आठ टक्क्यांहून जास्त उतरला. तेही बरोबर. टक्क्यांतल्या आकड्याचे पुन्हा टक्के काढले की असे दोन अर्थ निघतात. भाषणात आणि जाहिरातीत सोयीचा तो उचलला जातो. 'आमच्या काळात प्रमाण दुपटीने वाढलं' असं कुणी म्हटलं तर आधी विचारावं, किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर? एकाचे दोन झाले तरी दुप्पटच.

घराच्या हप्त्याचं तर तिसरंच. ५० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी असेल तर हप्ता ४३,३९१ रुपये. दर आठवर आला की ४१,८२२. फरक १,५६९, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हप्त्यात मुद्दलही असतं, आणि मुद्दल दरासोबत उतरत नाही.

खडकवासला शंभर टक्के भरलं, मग पाणीकपात कशाला?

पावसाळ्यात हा प्रश्न सोसायट्यांच्या ग्रुपवर हमखास येतो. शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीत धरणं चार: खडकवासला १.९७ टीएमसी, टेमघर ३.७१, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२. एकूण २९.१५ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी.

खडकवासला सगळ्यांत लहान, आणि वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी त्यातच येतं. ते शंभर टक्के भरलं म्हणजे एकूण साठ्यापैकी किती झालं? २९ चा एक टक्का ०.२९. १.९७ मध्ये तो सातेक वेळा बसतो. म्हणजे सात टक्क्यांच्याही किंचित आत. मुठेत विसर्ग सुरू झाला, भिडे पूल बंद झाला, फोटो आले, आणि तरीही पुण्याच्या वर्षभराच्या पाण्याची सोय झालेली नसते.

यात आणखी एक खोच आहे. समजा खडकवासला १०० टक्के भरलं आणि बाकीची तीन ४०-४० टक्के. चौघांची सरासरी काढली तर ५५ येते. खरा साठा किती? बाकी तिघांची क्षमता २७.१८, तिचे चाळीस टक्के १०.८७, त्यात १.९७ मिळवले, १२.८४. २९.१५ च्या मानाने हे ४४ टक्के. पाया वेगवेगळे असतील तर टक्क्यांची सरासरी काढू नये. वर्गांचे निकाल, शाखांची विक्री, वॉर्डांचं मतदान, कुठेही.

महिन्याचे की वर्षाचे?

जुन्या अंकगणिताच्या पुस्तकात व्याजाच्या प्रत्येक गणितात 'द.सा.द.शे.' असायचं, दरसाल दरशेकडा. बाजारात मात्र 'शेकडा दोन' म्हटलं की ते बहुतेक वेळा महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे चोवीस. मिळकतकर थकला की पुणे महापालिका लावते ती २ टक्के शास्तीसुद्धा दरमहा आहे. बँकेत ७ टक्क्यांची ठेव ठेवून महापालिकेचे पैसे थकवणाऱ्याने हे दोन आकडे एका कागदावर लिहून पाहावेत.

व्याजावर व्याज चढत असेल तर रक्कम कधी दुप्पट होईल हे ७२ ला दराने भागून कळतं. ६ टक्क्यांना बारा वर्षं, ८ ला नऊ, ९ ला आठ. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांनी आजच्या लाखाला आजच्या पन्नास हजारांचा माल येईल. दर महिन्याचा असेल तर उत्तर महिन्यांत येतं.

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज अगदी नेहमीचं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. साडेतीनची दुप्पट करून अंक ढकलला, ०.७०. त्याचा दहावा भाग ०.०७ वजा, ०.६३. मिळून महिन्याला ४.१३ टक्के. ७२ भागिले ४.१३, सतरा-साडेसतरा. कार्डावरचे ५० हजार जसेच्या तसे पडून राहिले तर दीड वर्षाच्या आत लाख होतात, उशिराचा दंड वेगळा.